मुकादमांचा विमा

आमचे शेजारी भागाजीबापू आपल्या कुत्र्याला अहो-जाहो करतात. तहसीलदाराला ते "ये बाळा" म्हणतात, सरपंचाला नुसतं "ए", आणि साठीला टेकलेल्या धाकट्या भावाला "लेका". पण कुत्र्याला मात्र, "अहो मुकादम, जेवून घ्या. भाकर गार व्हतीया."

कुत्र्याचं नाव मुकादम. आमच्या गल्लीत रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा हे पिल्लू खडीच्या ढिगावर बसून दिवसभर मजुरांकडे बघत असायचं. बापू म्हणाले, "ह्यो मुकादमच हाय. सोता काडी हलवीत न्हाई." काम संपलं, मजूर गेले, मुकादम बापूंच्या ओट्यावर राहिले. मीही आता त्यांच्याविषयी आदरानंच लिहितो. सवय लागली.

बापूंना दुसरा नाद चौकशीचा. छत्री घ्यायची म्हणून पारनेरच्या बाजारात त्यांनी इतकी वर्षं चौकशी केली, की छत्रीवाला म्हातारा होऊन त्याचा मुलगा गल्ल्यावर बसला. काड्या किती, कापड कुठलं, दांडा लाकडी का लोखंडी, सगळं विचारून झालं की बापू छत्री मिटून परत देतात. "पारनेरात पाऊस पडतो कुठं? फायदा काय पन?"

हे "फायदा काय पन?" त्यांच्या प्रत्येक चौकशीच्या शेवटी येतं. त्यामुळे गावात ते कंजूष म्हणून प्रसिद्ध आहेत. माघारी त्यांना 'कानकापे' म्हणतात. नव्या पोस्टमनला तर ते आडनावच वाटलं होतं. हे नाव कसं पडलं याची एक गोष्ट गावात सांगतात, पण ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी मला माहीत आहे आणि माझंही आता वय झालं, म्हणून लिहायला बसलो.

दिवाळीला बापूंची सून पुण्याहून आली होती. तिच्याकडे सोनेरी केसांचं, सोफ्यावर झोपणारं कुत्रं आहे. त्याचा तिनं विमा उतरवला आहे, हे तिनं सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बापू आणि मुकादम माझ्या दारात हजर. मी नोकरीभर जनावरांच्या विम्याचं काम केलं, तेव्हा बापूंच्या लेखी विमा म्हणजे मी.

"सायब, कुत्र्याचा इमा असतोय म्हनं."

"असतो. आजारपणाचा, ऑपरेशनचा खर्च मिळतो. हरवलं तरी काही कंपन्या देतात."

"हरवलं म्हंजी किती हरवलं? मुकादम बाजारच्या दिशी जात्यात ते दुसऱ्या दिशी येत्यात. ते धरत्यात का?"

"ते नाही धरत."

"आन त्येंनी कुनाला चावलं तर?"

"काही विम्यांत त्याचीही भरपाई असते."

बापू मुकादमांकडे वळले. "ऐकलं का? मंग सरपंचाचं बघू."

मी फोनवर एक अर्ज उघडून दाखवला. त्यात कुत्र्याची जात विचारली होती. "गावठी लिवा," बापू म्हणाले. "आई जामगाव रोडची. बाप सुप्याच्या टेम्पोमागं आल्ता. ऱ्हायला न्हाई."

मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. शहरात पाळलेलं, नाजूक जातीचं, तरुण कुत्रं असेल तर विमा घ्यावा. एखादं मोठं ऑपरेशन निघालं तर माणूस झोपत नाही. पण मुकादमांचं वय झालंय. या वयाला बऱ्याच कंपन्या नव्यानं घेत नाहीत, आणि घेतलं तरी आधीपासूनचं दुखणं धरत नाहीत. "त्यापेक्षा हप्त्याचे पैसे दर महिन्याला डब्यात टाका. रेबीजची लस चुकवू नका आणि गोचिडाचं औषध लावा. गोचीड फार वाईट."

दुसरा कुणी असता तर विषय संपला असता. बापू सगळं ऐकून, मान हलवून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. सगळा हिवाळा येत राहिले. एकदा त्यांनी कंपनीला फोनही लावला. "तितल्या पोरीनं 'थांबा' म्हनून गानं लावून दिलं आन गेली. मुकादमांना ऐकवलं. ते झोपले."

एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. उठून फाटकापर्यंत गेले की बापू थांबायचे. "आन सायब, समजा..." म्हणायचे, मुकादमांकडे बघायचे आणि "ऱ्हाऊ द्या" म्हणून निघून जायचे.

शिमग्याच्या सुमारास मुकादमांनी भाकरी सोडली. गोचीड ताप. ज्या माणसानं जन्मात छत्री घेतली नाही, त्यानं भाडं न विचारता नगरपर्यंत टेम्पो केला. सलाईन लावून, पुढच्या पायावरचे केस भादरून मुकादम परत आले, तेव्हा बापू सरळ माझ्या पायरीवर येऊन बसले.

"सायब, एक इचारतो. हसायचं न्हाई. ह्या इम्याला कान द्यावा लागतो का?"

मी हसलो नाही.

विमा उतरवलेल्या गाईच्या कानात आम्ही बिल्ला ठोकायचो. गाय मेली, की तो बिल्ला कचेरीत जमा करायचा आणि डॉक्टरचा दाखला जोडायचा, असा नियम. बापूंची हरणी नावाची गाय होती. एका दुपारी पोट फुगून गेली. बापू कचेरीत आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "बिल्ला कानासकट आणा."

नियम नुसत्या बिल्ल्याचा होता. पण त्याच सुमारास कुणीतरी जिवंत गाईचा बिल्ला उपटून आणून आम्हाला फसवलं होतं. वरिष्ठांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं आणि मला पुन्हा झापून घ्यायचं नव्हतं. एवढंच कारण. बापूंनी कान आणला. स्वच्छ धुवून, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून आणला होता. माझ्या टेबलावर ठेवून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शिपाई म्हणाला, "काय कानकापे, चहा घेनार का?" सगळी कचेरी हसली. मीही हसलो, आणि साहेब हसले म्हटल्यावर ते नाव पक्कं झालं. गावात पोचायला एक बाजार पुरला. पैशासाठी गाईचा कान कापणारा माणूस! पुढे बापूंनी गोठा मोडला, तेव्हा लोक म्हणाले, चाऱ्याचे पैसे वाचवतोय.

"कान लागत नाही, बापू," मी म्हणालो. "फोटो आणि डॉक्टरचा दाखला पुरतो."

"मंग बरं हाय," ते म्हणाले. "आता नियम बदलला म्हना."

वाट त्यांनीच काढून दिली होती. नुसतं "हो" म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "तेव्हाही बिल्ला पुरला असता. कान मी मागितला."

मुकादमांच्या पाठीवरचा बापूंचा हात जागच्या जागी राहिला. ते म्हणाले, "आमची ही मरंस्तवर म्हनायची, नुस्ता बिल्ला न्यायचा हुता. मी वरडायचो तिच्यावर. म्हनायचो, तुला काय कळतंय? सायब शिकलेला मानूस हाय, उगं कशाला मागंल?"

मग ते उठले. "चला मुकादम."

"फायदा काय पन?" ते म्हणाले नाहीत. मी वाट पाहत होतो.

पुढे कितीतरी दिवस बापू माझ्याकडे फिरकले नाहीत. मुकादमांना फिरवायलासुद्धा मागच्या बोळातून नेऊ लागले. मी ओट्यावर पेपर घेऊन बसायचो आणि एकच पान वाचत राहायचो.

एका सकाळी फाटक वाजलं. बापू आत आले, पायरीवर बसले आणि मुकादमांचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

"डाक्टर म्हनला, गोचीड रोज बघायची. मला बारीक दिसंना झालंय. तुमचा चष्मा नवा हाय."

मी आतून चिमटा आणला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "विम्याचं काय ठरलं मग?"

"न्हाई घ्यायचा. फायदा काय पन?"

असं म्हणून त्यांनी मुकादमांचा डावा कान उलटा करून माझ्यापुढे धरला. आत एक गोचीड होती, मुळाशी रुतलेली. मी चिमटा जवळ नेला.

"हळू, सायब," बापू म्हणाले. "कान हाय त्यो."