सतरा वडे आणि परत घ्यायचा बाण

मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, आलेले पाहुणे वाटेला लागले आणि भैयाजींनी ओसरीत बसून मोबाईल उघडला. गावची विजेची डीपी जळाली की तक्रार आता त्या छोटे निरोप लिहायच्या ॲपवर करायची, असं कामठा गावात ठरलं होतं. म्हणून त्यांच्या लेकीने, आचलने, आठवडाभर खपून सगळ्या मोहल्ल्याला ते शिकवलं होतं. भैयाजींचं शिक्षण मात्र अर्धवटच राहिलं होतं. ॲप उघडताच रिकाम्या चौकटीने विचारलं, 'काय चाललंय?'

आता कोणी आपुलकीने विचारावं आणि भैयाजींनी गप्प बसावं, असं साठ वर्षांत कधी घडलं नव्हतं. त्यांनी एका बोटाने मनमोकळं उत्तर दिलं : 'आचलला पाहायला नवेगाव बांधचे पाहुणे येऊन गेले. पोरगा गजेंद्र हिरा आहे. बाप केशोराव मात्र एकटा सतरा वडे खाऊन गेला. आमच्यासाठी एकही उरला नाही. बाकी ठीक.' मग ते निवांत पान लावायला बसले.

तोच कुंपणापलीकडून शेजारचा बकाराम ओरडला, "का जी भैयाजी, सतरा? मोजले का तुमी?"

भैयाजींच्या हातातलं पान गळून पडलं. "तुले कोनं सांगतलं?"

"तुमीच लिवलं ना जी! साऱ्या गावानं वाचलं."

"अरे, मले मोबाईलनं इचारलं, म्या मोबाईललेच सांगतलं! तू मधात काऊन वाचून राहिला?"

तीन वर्षांत आचलने मान वर करून पाहिलेलं हे पहिलं स्थळ, आणि होकार उद्या कळायचा होता. आचल मैत्रिणींबरोबर मंडईत गेली होती आणि त्या गोंगाटात तिला फोन ऐकू येत नव्हता. त्यांनी निरोपाखालची चित्रं न्याहाळली. एक बदाम होता, तो काही कामाचा वाटेना. शेजारी गोल फिरणारे दोन बाण होते. गेलेलं परत फिरवायचं बटण ते हेच, यात शंका कसली? त्यांनी दाबलं. निरोप जागचा हलेना.

"एकट्याच्यानं नाही होत," बकारामने निदान केलं. "साऱ्यायनं वाचला, तं साऱ्यायनंच वापस घ्या लागन."

धानाच्या रोवणीला एकमेकांच्या बांधीतल्या चिखलात उतरणारं गाव ते. बकाराम धावत मंडईत गेला आणि भोंगा हातात घेऊन ओरडला, "भैयाजीच्या पोरीच्या लग्नाचा सवाल हाये! बाण दाबा, निरोप वापस घ्या!" भजीवाल्यांनी दाबला, झुल्यावरच्यांनी वरूनच दाबला, आणि घरोघरी पाच-पाच गावांचे पाहुणे उतरले होते, त्यांनीही हात लावला.

आचल धापा टाकत घरी आली. "बाबूजी, हे का केलं? त्या बाणानं वापस नाही येत, आनखी पुढं जाते! नवेगावलेबी पोचला असन!"

आचलने निरोप पुसला खरा, पण तो वाचलेल्यांच्या डोक्यातून कोण पुसणार? रात्री दोघंही जेवले नाहीत.

सकाळी गजेंद्रच्या आईचा, शकुंतलाबाईंचा फोन आला. "भैयाजी, खरं सांगा. सतरा खाल्ले का यायनं?"

थाप मारावी असं भैयाजींच्या मनात आलं, पण तिची सवय नव्हती. "खाल्ले जी," ते पुटपुटले.

शकुंतलाबाई कडाडल्या, "डॉक्टरनं तेल बंद केलं यायचं! मले म्हंते, दोन घास भात खाल्ला. तीस साल झाले, मी खोटंच ऐकून राहिली. तुमच्या घरी खरं बोलतेत. मले अशीच सून पाहिजे. पोरगी आमची झाली!"

भैयाजींनी फोन ठेवला. मागे वळले तेव्हा आचल दाराआड तोंडाला ओढणी लावून हसत होती. गावात पेढे वाटण्यात दिवस कसा गेला ते कळलं नाही.

संध्याकाळी मोबाईल वाजला. केशोरावांनी त्याच दिवशी ॲप घेतलं होतं आणि त्यांचा पहिलाच निरोप होता : 'भैयाजी व्याही, लग्नात वडे ठेवाच. मी मांडवामागे येऊन खाईन. आमच्या घरी कळू देऊ नका. गोष्ट आपल्या दोघांतच.'

"आचल! पूस, पूस लवकर!"

"ज्यानं लिवला त्यालेच पुसता येते, बाबूजी."

भैयाजींनी घाबरत खाली पाहिलं. बाणांशेजारी आकडा होता दोनशे बारा. आनंदाच्या भरात बाणाचा खरा उपयोग गावाला सांगायचा राहूनच गेला होता, आणि कामठ्याने नव्या व्याह्यांचाही निरोप इमानाने परत घेतला होता.