तिसरीच्या वर्गाची पानिपत मोहीम

बस सुटण्यापूर्वी राजाभाऊंनी सगळ्या मोठ्या माणसांना नियम क्रमांक चार पुन्हा एकदा वाचून दाखवला. "प्रयोगाच्या काळात कोणत्याही प्रौढ व्यक्तीने बालकांना सूचना, उत्तर अथवा इशारा देऊ नये. दिल्यास प्रयोग रद्द समजण्यात येईल." नियम त्यांनी स्वतःच लिहिला होता. स्वतः लिहिलेले नियम बिनदिक्कत मोडणारी माणसं त्यांनी बत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत ढिगानं पाहिली होती, पण त्यांच्यात जाऊन बसायची राजाभाऊंची तयारी नव्हती.

"खोकलो तर चालेल का?" काकासाहेबांनी विचारलं. ते मराठी मंडळाचे अध्यक्ष. दर संक्रांतीला पानिपतला जाऊन, मराठे जिथे अब्दालीशी लढले त्या काला अंबच्या स्मारकाला हार घालायचा त्यांचा वीस वर्षांचा नेम होता, आणि त्यासाठी पहाटेपासून त्यांनी डोक्याला फेटा बांधला होता.

"साधा खोकला चालेल. सूचक नको," राजाभाऊ म्हणाले.

शहाण्णव सालची संक्रांत होती आणि दिल्लीत असं धुकं पडलं होतं की बसमधून बसचंच तोंड दिसत नव्हतं. राजाभाऊ देशभरच्या शाळांचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या कार्यालयात होते. सहा वर्षं खपून त्यांनी तिसरीसाठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम तयार केला होता. मुलाला काय पाठ आहे हे विचारायचं नाही, त्याला काय करता येतं ते पाहायचं, एवढंच त्याचं सार. ते सार चौऱ्याऐंशी क्षमतांमध्ये विभागून टंकलिखित केलेलं होतं. मंजुरी मिळाली की एप्रिलपासून तिसरीची लेखी परीक्षा बंद होणार होती. राजाभाऊंची निवृत्ती एकतीस मार्चला. म्हणजे काय व्हायचं ते आताच.

घाईला आणखी एक कारण होतं आणि ते फाइलमध्ये कुठेही नव्हतं. त्यांची नात स्वानंदी बसमधल्या याच तिसरीच्या वर्गात होती. सहामाहीत तिला परिसर अभ्यासात पन्नासांपैकी अकरा मिळाले होते. नोएडाच्या त्यांच्या नव्या सोसायटीत टँकरवाल्यापासून चौकीदाराच्या बायकोपर्यंत सगळ्यांशी तासन् तास गप्पा मारणारी ही पोर, तेव्हापासून पुस्तक दिसलं की गप्प व्हायची. "मी ढ आहे ना आजोबा?" असं तिनं एकदा जेवताना विचारलं, अगदी सहज, भाजी मागावी तसं. राजाभाऊ पानावरून तसेच उठले होते.

प्रयोग असा होता: तिसरीच्या चोवीस मुलांनी कोणाच्याही मदतीशिवाय बस पानिपतला काला अंबपर्यंत न्यायची. रस्ता त्यांनी शोधायचा, कार्यक्रम त्यांनी आखायचा. निरीक्षणाला मंत्रालयाचे उपसचिव उदयसिंह आले होते. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत ते कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात राहत होते आणि चार महिने तिथलं जेवण जेवून गंभीर झाले होते. त्यांच्या मांडीवर तीन रकान्यांचा तक्ता होता. वर्गशिक्षिका पद्मजाबाई, म्हणजे राजाभाऊंच्या सौभाग्यवती, मसालेभात आणि गुळपोळ्या घेऊन वेगळ्या गाडीनं आधीच काला अंबला गेल्या होत्या. त्या बसमध्ये असत्या तर नियम चार दिल्लीतच, आझादपूरच्या आधी मोडला असता, हे त्या स्वतःही मान्य करत.

"साहब, मेरे को रास्ता मालूम है," ड्रायव्हर म्हणाला.

"मालूम है तो अच्छा है. बताना मत," राजाभाऊंनी सांगितलं. ड्रायव्हरनं एकदा त्यांच्याकडे, एकदा नकाशा घेऊन शेजारी बसलेल्या चिरागकडे पाहिलं आणि गिअर टाकला.

चिराग वर्गात पहिला. त्याला सगळ्या लढाया सनावळीसकट पाठ होत्या. पानिपत येईपर्यंत त्याचं काम चोख चाललं, कारण तोपर्यंत रस्ता सरळ होता. शहरात शिरल्यावर मात्र त्यानं यादीतली क्षमता क्रमांक एकतीस वापरायला घेतली: अनोळखी व्यक्तीस नम्र भाषेत माहिती विचारणे. खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला, "महोदय, लड़ाई का मैदान किधर है?"

कांबळ्यात गुरफटलेला माणूस थांबला. "कौन सी लड़ाई?"

हा प्रश्न चिरागच्या तयारीत नव्हता. "पानिपत की," तो म्हणाला.

पानिपतात उभ्या असलेल्या त्या माणसानं थोडा विचार केला आणि जी जवळची होती ती दाखवली. काकासाहेब ताडकन उठले, राजाभाऊंनी त्यांना कोटाला धरून खाली बसवलं. बस चादरी आणि सतरंज्यांच्या दुकानांमधून वळत, सुताच्या गाठोड्यांनी भरलेल्या एका हातगाडीमागे पाऊण तास रांगत, शेवटी एका जुन्या चौथऱ्यापाशी थांबली.

"पोचलो!" चिराग ओरडला. मुलांनी टाळ्या पिटल्या. उदयसिंहांनी तक्त्यात 'नियोजित स्थळ गाठले' असं लिहिलं.

ती पानिपतच्या पहिल्या लढाईत पडलेल्या इब्राहिम लोदीची कबर होती. बस चुकली होती काही किलोमीटरनं, आणि इतिहास दोनशे पस्तीस वर्षांनी.

"राजाभाऊ, हा लोदी आहे," काकासाहेब दातांतल्या दातांत म्हणाले.

"बोलू नका."

"अहो, पण हार माझ्या हातात आहे!"

एव्हाना मुलं दोन रांगांत उभी राहिली होती. चिरागनं कार्यक्रमाचा कागद वाचला, "आता काकासाहेब हार घालतील आणि दोन शब्द बोलतील." नाही म्हणणं म्हणजे इशारा, आणि इशारा म्हणजे प्रयोग रद्द. काकासाहेब खोकले. उदयसिंहांनी मान वर केली.

"साधा आहे," राजाभाऊ घाईघाईनं म्हणाले.

काकासाहेबांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, फेटा सारखा केला आणि लोदीला हार घातला. "हाही इथेच मेला बिचारा," ते स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांनी पाच मिनिटं भाषण केलं. त्यात शौर्य होतं, मातीचं ऋण होतं, पण कोणाचंही नाव नव्हतं. वीस वर्षांत इतक्या जपून ते कधी बोलले नसतील.

कार्यक्रमात पुढचं कलम भोजन होतं, आणि भोजन कुठे दिसत नव्हतं. साडेबारा झाले. चिरागनं नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. मुलं "मॅम कुठे आहेत?" म्हणू लागली. एक वाजता चिराग रडायला लागला आणि त्याचं पाहून आणखी सहा जण. उदयसिंहांची लेखणी झरझर चालू लागली. ते काय लिहीत असतील हे राजाभाऊंना न वाचता कळत होतं. तोंड उघडलं तर सहा वर्षं पाण्यात. नाही उघडलं तरी पाण्यात. हिवाळ्यातही त्यांच्या मानेला घाम फुटला. त्यांनी मुलं मोजली आणि घाम वाढला, कारण ती तेवीस भरली.

स्वानंदी समोरच्या रजईच्या दुकानात होती. बस थांबल्यापासून ती तिथेच होती. रजयांच्या ढिगावर मांडी घालून रेवड्या खात बसली होती. आजोबा धावत आलेले पाहून ती खाली उतरली.

"आजोबा, हे ते नाहीच आहे. हे दुसऱ्या कोणाचं तरी आहे. आपलं दूर आहे, बिल्कुल शहराच्या बाहेर. भैया म्हणाले."

"तू विचारलंस काय त्यांना?" राजाभाऊंच्या तोंडून निसटलं.

"मी नाही विचारलं. त्यांनीच विचारलं, इतके लोग कुठून आले. मग मी त्यांच्या मुन्नीचं नाव विचारलं. मग त्यांनी काकासाहेबांना बघितलं आणि म्हणाले, ये पगड़ीवाले तो आज के दिन हर साल काला अंब जाते हैं, यहां क्या कर रहे हैं?" तिनं रेवडीचा पुडा पुढे केला. "चलो ना, ते रस्ता दाखवायला येतायत. चिराग को बोलो, रडू नको."

रजईवाल्यानं दुकान शेजाऱ्यावर सोपवलं आणि तो ड्रायव्हरजवळ बसला. अर्ध्या तासात बस काला अंबला होती.

"भाताचा दगड झाला!" पद्मजाबाई लांबूनच ओरडल्या. "होता कुठे सगळे?"

"लोदीकडे," काकासाहेब म्हणाले आणि खाली उतरले.

पोळ्यांचे डबे उघडले, पण काकासाहेब डब्याकडे गेले नाहीत. स्मारकापुढे उभं राहून त्यांनी मुलांना त्या हिवाळ्यातली गोष्ट सांगितली. रसद तुटलेली, घोडी मेलेली, माणसं दिवसचे दिवस उपाशी, आणि उपाशीपोटीच शेवटी संक्रांतीच्या सकाळी लढायला निघालेली. ही गोष्ट त्यांनी वीस वेळा सांगितली होती. त्या दिवशी मात्र पहाटेपासून त्यांच्या स्वतःच्या पोटात काही नव्हतं. 'उपाशी' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. रजईवाल्याला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, तरी त्यानं कानांवरचा मफलर काढून हातात घेतला. मुलांचे हात पोळीवरच थांबले.

"काकासाहेब," स्वानंदीनं विचारलं, "त्यांनी गावातल्या लोकांशी दोस्ती नाही केली का?"

काकासाहेबांनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. उदयसिंहांनी तो प्रश्न तक्त्यात शब्दशः उतरवून घेतला.

परतताना ते राजाभाऊंशेजारी येऊन बसले. "राजाभाऊ, खरं सांगतो, एक वाजता मी तुमचं सगळं बाराच्या भावात काढलं होतं. पण त्या पोरीनं डोळे उघडले. अशी मुलं देशाला पाहिजेत. मी जोरदार शिफारस करणार." राजाभाऊंनी हात जोडले.

शिफारस खरंच जोरदार होती. फेब्रुवारीत मंजूर होऊन आलेल्या फाइलवर उदयसिंहांच्या हातचा सुंदर शेरा होता. प्रयोग अत्यंत यशस्वी झाला आहे. बालकांत दिसून आलेल्या क्षमता राष्ट्राच्या दृष्टीने अमूल्य आहेत. इतक्या अमूल्य गोष्टी केवळ निरीक्षणावर सोडणे उचित नाही. तरी या क्षमतांची शंभर गुणांची लेखी परीक्षा घ्यावी. आधीची परीक्षाही चालू ठेवावी. नव्या परीक्षेची पहिली प्रश्नपत्रिका आणि आदर्श उत्तरे श्री. राजाभाऊ यांनीच निवृत्तीपूर्वी तयार करावीत, कारण त्यांच्याइतका अनुभव अन्य कोणाकडे नाही.

राजाभाऊंनी दोन पत्रं लिहिली आणि फाडली. एकदा ते उदयसिंहांना भेटूनही आले. उदयसिंहांनी चहा पाजला आणि म्हणाले, "अहो, परीक्षेत नसलेली गोष्ट आपल्या देशात शिकवतं कोण?" राजाभाऊंनी घरी येऊन प्रश्नपत्रिका काढली. आदर्श उत्तरं एका समितीनं तपासली आणि त्यांतलं जिवंत होतं ते सगळं छाटलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात स्वानंदी तपासलेला पेपर घेऊन घरी आली. चिरागला शहाण्णव होते. तिला सत्तावीस. चौथा प्रश्न होता, 'अनोळखी ठिकाणी रस्ता चुकल्यास तुम्ही काय कराल?' तिनं लिहिलं होतं, 'आधी तिथे कोण रिकामं बसलंय ते बघीन. मग त्यांच्याजवळ बसीन.' त्यावर लाल रेघ आणि शून्य.

"खरं उत्तर काय होतं, आजोबा?"

राजाभाऊंनी खालमानेनं सांगितलं, "नकाशा पाहावा, दिशा निश्चित करावी आणि जवळच्या पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा."

"हे कोणी बनवलं?"

"मी."

स्वानंदीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. आजोबांचा चेहरा तिला आवडला नाही. ती त्यांना टेकून बसली आणि समजूत काढत म्हणाली, "असू दे ना. पुढच्या वेळी मी पेपरमध्ये तुमचंच लिहीन. आणि रस्ता चुकला तर माझं करीन. चलेल?"

पद्मजाबाई आतून म्हणाल्या, "बघा, केवढी शहाणी झाली!" राजाभाऊंनी मान हलवली. कागदावर एक आणि करायचं दुसरं, हे शिकायला त्यांना बत्तीस वर्षं लागली होती. पोरीला ते आठव्या वर्षी आलं होतं. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.