उंदरांसाठी लावलेला आवाज

डोकं चालवावं तर मी! ममताला, माझ्या लेकीला, बघायला पाहुणे येणार आणि आमच्या मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये उंदीर! ऐन पोह्यांच्या वेळी एखादा सोफ्याखालून निघाला तर चांगलं स्थळ हातचं जाईल, या धसक्याने आमची ही, मनोरमा, अर्धी झाली होती. मी स्टेशनबाहेरून उंदीर पळवायचं यंत्र आणलं आणि सोफ्यामागच्या प्लगात खुपसलं.

"विकणारा म्हणाला, साहब, चूहा सुनेगा, आदमी नहीं! शास्त्र आहे! कुत्र्याला आपल्याहून बारीक आवाज ऐकू येतो, उंदराला त्याहून बारीक. आपल्याला ढिम्म कळत नाही!"

"बाबा, मला ऐकू येतंय," ममता म्हणाली.

"टेन्शन आलंय तुला!"

पाहुणे आले. मुलगा निहार, त्याची आई दुर्गाबाई, वडील हरिश्चंद्रराव. ममता पोहे घेऊन आली आणि तिच्याकडे बघून निहारने कारलं चावल्यासारखं तोंड केलं! वर दोन्ही हात कानांवर! 

"निहार, हे काय?" दुर्गाबाई ओरडल्या.

"आई, काहीतरी किंचाळतंय गं! सहन होत नाहीये!"

"मलाही येतंय ऐकू!" ममता ओरडली.

हरिश्चंद्ररावांचा चेहरा पांढराफटक. "मुलीला हे कधीपासून होतंय?"

"आणि तुमच्या मुलाला?" मनोरमा उसळली. "आम्हाला कुणी सांगितलं नाही ते!"

"चला, उठा!" दुर्गाबाईंनी पर्स उचलली. बापरे! उंदीर एकही आला नाही आणि तरी स्थळ निघालं!

"आई, थांब," निहार म्हणाला. "काका, उंदरांचं यंत्र लावलंय ना? मी साऊंडचं काम करतो. स्वस्तातल्या यंत्राचा आवाज पुरेसा बारीक, म्हणजे वरच्या पट्टीतला, नसतो. तरुण कानांना तो ऐकू येतो. वय झालं की नाही येत."

मी हळूच सोफ्यामागे हात घालून यंत्र उपटलं.

मग दुर्गाबाई कान टवकारत म्हणाल्या, "अगंबाई, येतोय की मलापण!"

"मला तर आल्यापासून येतोय," हरिश्चंद्रराव खाकरले.

"मला कालपासून!" मनोरमा.

ममताने निहारकडे पाहिलं, निहारने ममताकडे, आणि दोघंही फसकन हसली. लग्न तिथेच ठरलं!

आणि मी? उपटलेलं यंत्र पाठीमागे लपवून मी मान हलवत म्हटलं, "डाव्या कानात जरा जास्तच येतोय, नाही?"