गोगलगायी आणि दुसऱ्याची वस्तू

"लाज हाय का लाज? मी दिसरात राबायचं आन् तुमी आयतं गिळायचं?"

भुकूमला राहायला आलो त्या पहिल्याच सकाळी खिडकीखालून हे ऐकू आलं आणि मी अंथरुणात ताडकन उठून बसलो. वाटलं, घरमालकीण आक्का भाडेकरूंचा उद्धार करताहेत. डोकावून पाहिलं तर आक्का पॉलिहाऊसच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि समोर ओल्या गोणपाटावर एक गोगलगाय. बोलणी तिला बसत होती.

मला संताप आला. सुट्टीच्या दिवशी माणसाने पहाटे उठावं, तेही एका गोगलगाईच्या लाजेवरून? तणतणत खाली गेलो, तर आक्कांनी माझ्याच हातात बादली दिली. "आलाच हाईस तर ती गोणपाटं उचल." तेव्हापासून रोज हिंजवडीला ऑफिसला जाण्याआधी मी गोणपाटं उलटी करतो, खाली लपलेल्या गोगलगायी चिमट्याने वेचतो आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकून वर झाकण लावतो. भाडेकरारात हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आता, पावसाळ्यात मुळशीत गोगलगायी कुणाला चुकल्यात? आजूबाजूचे लोक औषधाच्या गोळ्या फेकतात आणि मोकळे होतात. आक्कांचं पोटही जरबेरावरच आहे, आणि कुरतडलेलं फूल व्यापारी हातातसुद्धा धरत नाही. पण त्यांच्याकडे गोळी आणायची नाही. कारण ऑस्कर.

ऑस्कर हा दिसेल ते खाणारा लॅब्राडोर. त्याने माझा एक बूट, एक अख्खा साबण आणि शेजाऱ्यांच्या पूजेतला नारळ शेंडीसकट खाल्ला आहे. गोगलगाईची गोळी खाल्ली तर तो वाचणार नाही, हे जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बरं, कुत्रा आक्कांचा असता तर मी समजून घेतलं असतं. तो माझ्या आधीच्या भाडेकरूचा. नोकरी बदलून बंगळूरला जाताना "आठ दिवसांत घेऊन जातो" असं सांगून हा गृहस्थ कुत्रा आक्कांच्या ओसरीला बांधून गेला, तो गेलाच. त्याला दोन वर्षं झाली.

"त्यो आपला न्हाई," आक्का ठणकावतात. "दुसऱ्याची वस्तू हाय. नीट ठिवाय नगं?" म्हणून त्याचं नाव बदलायलाही बंदी. धनी हिंदी बोलायचा, म्हणून आक्काही कुत्र्याशी हिंदीच बोलतात. "ए आस्कर, चिखल में मत लोळ." उभ्या जन्मात त्या दुसऱ्या कुणाशी हिंदी बोललेल्या नाहीत.

या वस्तूपायी आम्ही काय काय केलं! गोणपाटांना गुळाचं पाणी लावलं की गोगलगायी वासाने येतात. ऑस्करने गोणपाटं चाटून कोरडी केली. मग कुणीतरी अक्कल शिकवली, बिअरच्या वाट्या जमिनीत पुरा, गोगलगायी वासाने येऊन त्यात बुडतात. आक्का माळकरी, त्या दुकानात कशा जाणार? मला पिटाळलं. भर दुपारी पौड रोडने बाटल्या घेऊन येताना मला सगळ्या गावाने पाहिलं, आणि तेव्हापासून किराणावाला माझ्याकडे कीव आल्यासारखा बघतो. बिअर ऑस्कर प्यायला आणि घोरत पडला. डॉक्टर येऊन जाईपर्यंत आक्का त्याच्या उशाशी बसून होत्या. "दुसऱ्याच्या वस्तूला दारू पाजलीस रं," हे मलाच ऐकावं लागलं.

शेवटी तांब्याचा उपाय कळला. तांब्यावरून गोगलगाय सहसा जात नाही. आक्कांनी काय करावं? आंदणात आलेला तांब्याचा हंडा कापून त्याच्या पट्ट्या पाडल्या आणि कुंड्यांच्या लोखंडी मांडणीच्या पायांना गुंडाळल्या. हा हंडा सुनेला दिवाणखान्यात शोभेला हवा होता. मुलगा-सून राहतात बावधनला, इथून अर्ध्या तासावर. "पुढच्या रविवारी येतो गं आई," हे फोनवर ठरलेलं वाक्य. हंडा कापल्याचं कळलं तेव्हा मात्र मुलगा त्याच संध्याकाळी आला, भांडला आणि चहा न घेता गेला. अशा माणसाला काय म्हणावं, मला तरी सुचत नाही.

पट्ट्यांनी निम्म्या गोगलगायी थांबल्या, निम्म्या आम्ही वेचत होतो. गणपती तोंडावर आले. शेजारच्या पॉलिहाऊसवाल्या पुतण्याला, संतोषला, चुलतीची दया आली. आक्का बाजाराला गेल्याचं पाहून त्याने आत गोळ्यांचा अख्खा पुडा फेकला.

आक्का परतल्या. कुंड्यांखाली निळ्या गोळ्या दिसल्या. ऑस्करला माझ्या खोलीत कोंडायला लावलं, हातात प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या आणि गुडघे टेकून एकेक गोळी वेचायला लागल्या. मीही बसलो, चरफडत.

"काकी, तुमच्या फुलांसाठीच केलं की," संतोष दारातून म्हणाला. "त्या सोडलेल्या कुत्र्यापायी लई जीव काडताय."

"सोडलेलं न्हाई. माझ्या भरवशावर ठिवलंय."

माझा संयम सुटला. "कसला भरवसा, आक्का? त्याचा नंबर केव्हाच बंद झालाय. दर आठवड्याला तुम्ही मला कुत्र्याचा फोटो पाठवायला लावता, त्यातला एकही पोचत नाही. तो माणूस येणार नाही."

आक्कांनी मांडणीखालून आणखी एक गोळी काढली.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "लई आदीच कळलं. पर त्या मुक्याला कुटं कळलंय?"

संतोषही आत येऊन गुडघ्यांवर बसला. दिवेलागणीपर्यंत आम्ही तिघांनी जमीन चाळून काढली. आक्कांनी पॉलिहाऊसचं दार लावलं आणि साबणाने दोनदा हात धुतले. तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. वर ऑस्कर दार खरवडायला लागला. मी वर जाऊन दार उघडताच तो जिना उतरून फाटकापर्यंत धावला. गाडी पलीकडच्यांकडे आली होती. तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला आणि मान खाली घालून परत आला.

आक्का पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी त्याचा कान कुरवाळला.

"आयेगा रे," त्या म्हणाल्या. "अगले रविवार को आयेगा."