गबदूसाहेबांची रजा

उत्तरेकडच्या एका थंड राजधानीत बहिणीच्या बाळंतपणाला जायचं असेल, तर आपलं स्वतःचं मूल तिकडून परत येणार आहे, हे आधी सिद्ध करावं लागतं. अट रास्तच आहे. आपल्या हद्दीत रांगती माणसं बेहिशेबी हिंडलेली कोणत्या देशाला चालतील?

गबदूच्या आईला एवढी एकच अट ठाऊक नव्हती. बाकी तयारी चोख होती. "तुला कळा सुरू होतील तेव्हा मी तुझा हात धरून बसलेली असेन," असा शब्द तिने ताईला दिला होता. तेव्हापासून तिच्या फोनवर घरचं नव्हे, त्या राजधानीचं हवामान दिसत असे. तिकडे बर्फ पडला की ती इकडे भर उन्हात गबदूला स्वेटर चढवी. एकदा सराव म्हणून तिने त्याला सगळे कपडे एकावर एक घातले. पोराचे हात आडवेच राहिले आणि तो तोल जाऊन पडला तो घरंगळत थेट पलंगाखाली.

"अगं, इतकी काय घाबरतेस?" ताई फोनवर म्हणाली. "इथे लोक बाळांना बाबागाडीत घालून कॉफीच्या दुकानाबाहेर थंडीत झोपवतात."

"आणि आया?"

"आत. कॉफी पितात."

"मग बाळाकडे बघतं कोण?"

"कोणी नाही. मस्त झोपतात गं ती."

त्या दिवशी गबदूच्या आईने सुईदोरा काढला. खबरदारी म्हणून तिने गबदूच्या टोपीला एक शिट्टी शिवून टाकली. ती वाजवायची कशी, एवढंच त्याला शिकवायचं राहिलं.

व्हिसाच्या खिडकीत दोरीचा चष्मा लावलेल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी सगळे कागद शांतपणे चाळले.

"तुमचं ठीक आहे. नवरा इथे आहे, तेव्हा तुम्ही परत याल. पण ह्यांचं काय?"

"ह्यांचं म्हणजे?"

बाईंनी पेनाने गबदूकडे निर्देश केला. गबदू खिडकीची काच चाटत होता.

"ह्यांना परत यायला सबळ कारण काय?"

"अहो, मी येणार म्हणजे तोही येणारच ना! कडेवर असेल माझ्या."

"ते तुमचं कारण झालं. प्रत्येक अर्जदाराचं कारण स्वतंत्र लागतं."

"इथे त्याची आजी आहे. तो दिसला नाही तर त्यांना चैन पडत नाही."

"म्हणजे आजी ह्यांच्यावर अवलंबून आहे. हे आजीवर नाहीत." बाईंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज जरा मायेचा झाला. "नोकरीबिकरी असती ना, तर काही प्रश्नच नव्हता बघा."

घरी हे ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "ह्याच्या बापाला नोकरी लागेस्तोवर माझे केस पिकले. आता नातवासाठी कुठून आणू काळे केस?"

गबदूचे बाबा तक्रार निवारण कार्यालयात कारकून होते. त्यांनी भीतभीत साहेबांच्या कानावर गोष्ट घातली. साहेब हसतील असं त्यांना वाटलं होतं. साहेबांनी नियमावली मागवली.

"श्रवण अधिकाऱ्याची जागा रिकामीच आहे," साहेब म्हणाले. "लोकांची गाऱ्हाणी ऐकून घ्यायची. उत्तर द्यायचं नाही, आश्वासन द्यायचं नाही, मुख्य म्हणजे काही करायचं नाही. वयाची वरची मर्यादा दिली आहे. खालची लिहायची राहून गेलीय. मुलगा नियमात बसतो."

"हो साहेब. आता उशीशिवाय बसतो."

अशा रीतीने गबदू सरकारी सेवेत रुजू झाला. खुर्चीत उंच गादी टाकली गेली, टेबलाच्या कोपऱ्यांना कापूस बांधला गेला, आणि मागे पडद्याआड दुधाची बाटली घेऊन त्याची आई बसू लागली. नेमणुकीचं पत्र हाती पडलं की व्हिसा काढायचा आणि विमानात बसायचं, असा तिचा सरळ हिशेब होता.

घोटाळा असा झाला, की गबदू कामाला फार चांगला निघाला.

नळाला पाणी येत नाही म्हणून वर्षानुवर्षं खेटे घालणारे एक निवृत्त मास्तर पहिल्याच दिवशी तावातावाने आत शिरले. गबदूने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मास्तर ओरडले. गबदू खुदकन हसला. मास्तरांनी टेबलावर मूठ आपटली. गबदूनेही आपटली. मग त्याने मास्तरांचा अर्ज उचलला, तोंडात घातला आणि मन लावून चघळला.

मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. "आजवर ह्या कार्यालयात माझ्या डोळ्यांत डोळे घालून कोणी ऐकलं नव्हतं हो," ते म्हणाले आणि कोरड्या नळाकडे समाधानाने परत गेले.

पाहता पाहता रांगा लागल्या. टोपीची शिट्टी कधीतरी आपोआप तोंडात गेली आणि वाजली. तेव्हापासून शिट्टी वाजली की पुढचा माणूस आत, अशी शिस्त पडली. तक्रारी भराभर निकाली निघू लागल्या. काही चघळून, काही फाडून, एक तर पूर्ण भिजवून. गबदूला बढती मिळाली. आता बाबा त्याच्या हाताखाली आले. ते कार्यालयात त्याला 'सर' म्हणत आणि घरीही सवय जाईना. "सर, आ करा बरं," असं म्हणत ते त्याला भरवत.

आई नोकरीचा दाखला घेऊन खिडकीपाशी गेली. बाई खूश झाल्या.

"छान! आता रजा मंजुरीचं पत्र तेवढं आणा."

"रजा?" साहेब खुर्चीतून उठलेच. "बाई, काहीतरीच काय! गबदूसाहेब गेले तर हे कार्यालय चालायचं कसं?"

"अहो, माझी बहीण अडलीय तिकडे! परक्या मुलखात एकटी आहे ती."

"तुमची व्यथा समजते मला. रजा नाकारल्याबद्दल तक्रार करा ना तुम्ही. तो हक्कच आहे तुमचा."

"कुठे करू?"

साहेबांनी आदराने पलीकडच्या दाराकडे हात केला.

गबदूची आई रांगेत उभी राहिली. शिट्टी वाजली, ती आत गेली. समोर गादीवर तिचंच पोर बसलं होतं, हनुवटीवर लाळ, कपाळावर अधिकार. तिने अर्ज पुढे ठेवला आणि बोलायला लागली. ताईचे दिवस भरत आलेत, तिला मी शब्द दिलाय, ती घाबरलीय पण सांगत नाही, आणि मी तर तिच्याहून जास्त घाबरलेय, रोज, सगळ्यालाच. हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. गबदू टक लावून ऐकत राहिला. मग खुदकन हसला आणि अर्ज खाऊन टाकला.

ती बाहेर आली ती पिसासारखी हलकी होऊन. पायऱ्या उतरताना गुणगुणतही होती. फाटकापाशी तिच्या लक्षात आलं, की रजा काही मिळालेली नाही. ती मागे वळली. पण एवढं छान ऐकून घेतल्यावर पुन्हा तक्रार घेऊन जाणं तिचं तिलाच बरं वाटेना.

ताईला मुलगी झाली. फोनच्या पडद्यावर ती दिसली, बाबागाडीत, बर्फात, एकटी, गाढ झोपलेली.

"तू नाही आलीस," ताई म्हणाली.

"तक्रार केली होती गं मी."

"मग काय म्हणाले?"

"ऐकून घेतलं," गबदूची आई म्हणाली. "फार छान ऐकून घेतलं."

तुमचंही एखादं काम त्या कार्यालयात अडलेलं असेलच. आणि आता हे वाचताना तुम्ही हसलात, हो ना? थोडं बरंही वाटलं असेल. तेव्हा तुमचीही तक्रार निकाली निघाली. शिट्टी झाली, पुढच्याला येऊ द्या.