शिरधनकरांचा अभिप्राय

आमच्या कॅनिंग फॅक्टरीच्या मॅनेजरसाहेबांना चपला काढून, पाय धुऊन, ते रुमालाने कोरडे करून मगच आत यायला लावणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच होता. शिरधनकर. हुद्दा कॉम्प्युटर ऑपरेटर. साहेब एकदा कुरकुरले, की देवळातसुद्धा मी एवढं करत नाही. शिरधनकर शांतपणे म्हणाले, "देवाला धुळीचा त्रास होत नाही साहेब, मशीनला होतो."

शिरधनकर मूळचे स्टोअरकीपर. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, बाजारपेठेच्या मागे एका खोलीत बिऱ्हाड. ऐंशीनंतरच्या कुठल्याशा वर्षी मुंबईच्या हेड ऑफिसने स्वतः वापरून कंटाळल्यावर एक कॉम्प्युटर आमच्याकडे धाडला. आंब्याच्या पेट्या आणि डबे मोजायची सवय म्हणून तो शिरधनकरांच्या गळ्यात पडला. मुंबईला जाऊन ते पंधरा दिवस शिकून आले, आणि आले ते निराळेच होऊन. साधी वेळ विचारली तरी म्हणायचे, "मशीनला विचारून सांगतो."

मशीनबरोबर खिडकीत बसवायचा एअर कंडिशनरही आला होता. फॅक्टरीतला एकुलता एक. साहेबांच्या केबिनमध्येही पंखाच. त्यामुळे मे महिन्यात कॉम्प्युटरविषयी सगळ्यांची जिज्ञासा एकदम वाढायची. हेडक्लार्क यायचे, केमिस्ट यायचे, साहेब तर दिवसातून चारदा 'प्रगती बघायला' यायचे. शिरधनकर पाच मिनिटांत सर्वांना बाहेर काढत. "मशीनला माणसाची वाफ लागते," एवढंच कारण. शिवाय दुपारी बारा ते तीन दार आतून बंद. तेव्हा म्हणे मशीन विश्रांती घेतं.

आणि या मशीनबद्दल शिरधनकरांचं मत काय, तर ते ताबडतोब फेकून द्यावं. मी खरेदी विभागात कारकून. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर हजर. 'मशीन वृद्ध झाले आहे. फ्लॉपी गिळते व परत करत नाही. काल चारशे पेट्या सांगितल्या असता चाळीस छापल्या, व विचारले असता पडदा काळा केला. तरी नवीन मिळावे.' अशी दोन वर्षं गेली.

अखेर मेच्या सुरुवातीला मुंबईहून एक तरुण इंजिनियर आला. त्याने मशीनचं झाकण उघडलं, आतून एक पाल काढली आणि साहेबांसमोर दोन मार्ग ठेवले. याच मशीनमध्ये नवे भाग घालून आणखी दोन-तीन वर्षं ओढता येईल. नाहीतर सरळ नवीन कॉम्प्युटर घ्या. तो आठ दिवसांत येईल, लहान आहे, वेगवान आहे आणि त्याला एअर कंडिशनर लागत नाही.

शेवटचं वाक्य ऐकून साहेबांचा चेहरा उजळला. एअर कंडिशनर केबिनच्या कुठल्या खिडकीत बसेल, हे त्यांनी तिथेच हाताने मोजून पाहिलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या शिरधनकरांचा चेहरा मात्र पडला. थोड्या वेळाने ते खाकरून म्हणाले, "नवीनची एवढी घाई नको. म्हातारं आहे, पण स्वभावाने चांगलं आहे."

दोन वर्षांचे चोवीस अर्ज माझ्या कपाटात होते.

साहेबांनी त्यांच्याकडे लेखी अभिप्राय मागितला. दुसऱ्या दिवशी चार पानं आली. जुनं मशीन कसं मजबूत, त्याला इथली खारी हवा कशी मानवली आहे, आणि नवे भाग घालायचे तर तेही हंगाम संपल्यावरच कसे घालावेत. फ्लॉपी गिळण्याबद्दल लिहिलं होतं, 'मागितल्यास परत करते.' ऑफिसात सगळे हसले. म्हातारा गारव्याला चटावला, असं हेडक्लार्क म्हणाले, आणि मलाही ते पटलं. राग आला तो याचा, की अंतिम टिपणावर सही माझी जायची होती.

ती चार पानं घेऊन दुपारी दीड वाजता मी त्यांच्या खोलीकडे गेलो. कडी नीट लागलेली नव्हती. दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबलो.

मशीन बंद होतं. मागच्या बाजूला, प्रिंटरच्या कागदांच्या खोक्यांमध्ये गोणपाट अंथरून त्यावर चार तान्ही मुलं ओळीने झोपली होती. एकाच्या अंगावर शिरधनकरांचा स्वेटर, दुसऱ्याच्या डोक्याला त्यांची कानटोपी. शिरधनकर भिंतीला टेकून खाली बसले होते आणि पाचवं मांडीवर घेऊन हलक्या हाताने थोपटत होते.

आंबे सोलायला लांज्याकडच्या खेड्यांतून बायका यायच्या. त्यांची तान्ही शेडच्या वाशांना बांधलेल्या झोळ्यांत असायची, रस उकळायच्या कढयांपासून दहा हातांवर. ती दिवसभर रडायची. ते रडणं आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं. आम्ही खिडकी लावून घ्यायचो.

"ह्या सुनंदाच्या पोराला घामोळ्याचे फोड आले होते," शिरधनकर कुजबुजले. "गेल्या साली असंच दुसऱ्या एकाला आणलं होतं. मग बाकीच्यांना कसं नाही म्हणणार?"

मी म्हटलं, साहेबांना सरळ सांगायचं होतंत.

"मशीनला लागतो म्हणून एअर कंडिशनर मिळाला. ह्यांच्यासाठी मागितला असता तर दिला असता कोणी?"

मांडीवरचं मूल चुळबुळलं. त्यांनी मला हातानेच बाहेर जायला सांगितलं. त्याच संध्याकाळी मी टिपण लिहिलं, 'ऐन हंगामात मशीन बदलणे धोक्याचे आहे. निर्णय हंगामानंतर घ्यावा.' साहेब नाराज झाले, पण धोका हा शब्द वाचून त्यांनी सही केली.

जूनच्या मध्यावर हंगाम संपला. बायका बोचकी घेऊन टेम्पोत चढल्या. शिरधनकर फाटकापाशी उभे होते. कोणाला कधी झोप लागते, कोण पालथं पडू लागलंय, कोणाला दात येतायत, हे प्रत्येकीला समजावून सांगत होते. सुनंदा हसून म्हणाली, "आता आमच्या घराकडं येवा तुमी." ते "येईन, येईन" म्हणाले. टेम्पो वळणाआड गेल्यावरही बराच वेळ तिथेच उभे राहिले.

मग माझ्या टेबलाशी आले. खिशातून कागद काढून पुढे ठेवला. दोनच ओळी होत्या. मशीन निकामी झाले आहे, तरी नवीन मागवावे.

मी विचारलं, "आणि पुढच्या वर्षी?"

"बघू. काहीतरी दुसरं यंत्र शोधावं लागेल, ज्याला गारवा लागतो असं."

कागद घेऊन मी फाईलला लावला. ते जाईनात. समोरची खुर्ची ओढून बसले. आमच्या सात वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच.

"थोडा वेळ इथेच बसतो," ते म्हणाले. "आत आज फार गार वाटतंय."