दहा वर्षं टिकणारं कार्ड

सरफराजला फक्त एक ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं. कार्ड म्हणजे काय, तर कॉम्प्युटरच्या पोटात बसून पडद्यावर चित्रं उमटवणारी, दोन पंख्यांची वीतभर पाटी. असली वस्तू घ्यायला माणसाला किती वेळ लागावा? सरफराजला एकवीस दिवस झाले होते आणि अजून कंपनीसुद्धा ठरत नव्हती.

दोष फिनलंडचा. तिथं पाच वर्षं गेम बनवायला शिकून तो कुपवाडला परतला, तो एक मोठी बॅग आणि त्याहून मोठी तत्त्वं घेऊन. (बॅग विमानतळावर वजनात बसली. तत्त्वांचं वजन करायची तिथं सोय नव्हती.) पहिलं तत्त्व असं, की वापरा आणि फेका या पापात आपण सामील व्हायचं नाही. दर दोन वर्षांनी नवं कार्ड घेणारी माणसं पाहिली की त्याला पृथ्वीची दया येई. आपला गेमिंग कॉम्प्युटर दहा वर्षं चालला पाहिजे. आणि त्यावर तो कृष्णेचा गेम बनवणार होता; पहिलं दृश्य त्यानं फिनलंडमध्येच करून आणलं होतं. पहाटेचं धुकं, संथ पाणी, एक नाव. गोळ्या नाहीत, शत्रू नाहीत. ब्राझीलमधला माणूस संध्याकाळी दमून घरी येईल आणि सांगलीच्या घाटावर पाय सोडून बसेल.

"आणि मग काय करायचं?" बहीण रुक्सारनं विचारलं होतं.

"बसायचं."

"ते आमी फुकट बसतोय की."

सरफराजनं तिला माफ केलं. स्वप्न पाहणाऱ्यानं मन मोठं ठेवावं लागतं.

अडचण एवढीच होती की पुण्याच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र येऊन पडलं होतं आणि उत्तर शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. त्याचे वडील चांदसाहेब यांनी निकाल सोपा करून टाकला.

"शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून मी वर येतो. मशीन चालू दिसलं, तर ऱ्हा हितं. न्हाई दिसलं, तर पुण्याची एसटी धर."

चांदसाहेबांचं कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान. पार आटपाडीपासून पंपांच्या जळालेल्या मोटरी त्यांच्याकडं येत. ते आतली जळकी तार काढून नवी भरत, मग अख्खं वेटोळं वार्निशच्या डब्यात बुडवून भट्टीत वाळवत. त्या वार्निशवर शेतकऱ्यांचा इतका भरवसा, की चांदसाहेबांनी भरलेली मोटर धन्यापेक्षा जास्त जगते असं म्हणत. दुकानाच्या माळ्यावर सरफराजचा कॉम्प्युटर कार्डाशिवाय बाकी सगळा जोडून तयार होता.

सोमवारी जेवताना त्यानं चौदा रकान्यांचा तक्ता ताटाशेजारी मांडला. 'वज्रा', 'नॉर्डिका' आणि 'टायटस' अशा तीन कंपन्या. वज्राचे पंखे दुसऱ्या वर्षी किंचाळतात, असं पोलंडचा एकजण म्हणत होता. टायटसला जगात सगळे नावं ठेवत होते, पण ती ठेवणारी माणसं वज्राची वाटत होती. नॉर्डिका बरी, पण तिच्या खोक्याचा रंग त्याच्या मनाला शांत करत नव्हता. (हा पंधरावा रकाना. तो त्यानं लिहिला नव्हता.)

"वाइंडिंग तांब्याचं हाय का अ‍ॅल्युमिनियमचं?" चांदसाहेबांनी विचारलं.

"अब्बा, ह्यात वाइंडिंग नसतं."

"मग बिघडल्यावर भरणार काय?"

"बिघडलं तर सर्व्हिस सेंटरला पाठवायचं. पुण्याला."

"म्हंजे मेल्यावर दवाखाना," चांदसाहेब म्हणाले आणि त्यांनी कालवण वाढून घेतलं. "उद्या मी येतो संगं."

मंगळवारी सकाळी दोघं सांगलीत दादासोच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दादासोनं तिन्ही कार्डं काढून ठेवली. सरफराजनं तक्ता उघडला. तोवर चांदसाहेबांनी एकेक कार्ड हातावर तोललं, बोटानं पंख्याला हलका झटका दिला आणि कलिंगडाला लावावा तसा कान लावला.

"हे घे," ते म्हणाले. "बेअरिंग गुपचूप हाय."

ती नॉर्डिका होती. तक्त्यातही अर्ध्या गुणानं नॉर्डिकाच पुढं होती. एकवीस रात्रींचं संशोधन तीन मिनिटांत खरं ठरल्याचा आनंद सरफराजला झाला, पण तो जितका व्हायला हवा होता तितका झाला नाही.

दुकानावर परतल्यावर कळलं की कार्डाला वीज पुरवणारी जाड वायर दादासोकडंच राहिली. सरफराजनं कार्ड वडिलांच्या टेबलावर ठेवलं.

"अब्बा, सांभाळा. हे दहा वर्षं टिकलं पाहिजे."

"टिकंल. जा तू."

वायर घेऊन येताना तो मोटारसायकलवर नव्हताच, नावेत होता. उसाच्या ट्रॉल्या त्याच्या शेजारून बगळ्यांसारख्या तरंगत गेल्या. एका ट्रॉलीवाल्यानं बगळ्याला येणार नाही अशी शिवी दिली, ती त्याला ऐकूही आली नाही.

दुकानात पाऊल टाकलं तेव्हा तिरपं ऊन आत आलं होतं. तारेच्या हुकांना तीन मोटरींची वेटोळी टांगलेली. चौथ्या हुकाला काहीतरी सपाट लटकत होतं, मधाच्या रंगाचं. त्याच्या कोपऱ्यातून एक सोनेरी थेंब सावकाश लांब होत होता. सरफराजला ते फार सुंदर वाटलं. मग तो थेंब तुटला, आणि त्याला कळलं की ते आपलं कार्ड आहे.

"अब्बा!"

"दोनदा बुडवलंय," चांदसाहेब अभिमानानं म्हणाले. "पंखे काढून बाजूला ठेवलेत, भोकांत कापूस कोंबला हुता. आता थेंबभर दमट हवा शिरत न्हाई. आन् ही सोन्याच्या दातांची पट्टी कंपनीनं तशीच उघडी सोडलेली बघ, तिला जादा दोन हात दिलेत. भट्टीत टाकायचं तेवढं ऱ्हायलंय."

"भट्टीत नको! अब्बा, त्या दातांतूनच वीज जाते!"

चांदसाहेबांचा हात हवेतच राहिला. चाळीस वर्षांत त्यांच्या वार्निशमधून वीज गेली नव्हती. तेवढ्यासाठीच तर लोक येत.

"मग जाताना का न्हाई सांगितलंस?"

"तुमी वार्निश कराल हे मी कुठल्या रकान्यात लिहिणार हुतो?" इतका वेळ जपलेलं सरफराजचं शुद्ध मराठी तिथं संपलं.

कार्ड दोन दिवस घराच्या गच्चीवर वाळलं. आई अख्तरबीनं शेवयांच्या चादरीवर एक कोपरा त्याला करून दिला आणि कावळ्यांसाठी वरून ओढणी टाकली. "जीव नको जाळूस," ती सरफराजला म्हणाली. "पुण्यातबी माणसंच ऱ्हात्यात." सरफराज शेजारी बसून राहिला. खाली एसटी गेली की त्याला वाटे, हीच आपली.

शुक्रवारी सकाळी चांदसाहेबांनी दुकान बंद ठेवलं. थिनरात बुडवलेला कापूस काडीला गुंडाळून ते एकेक दात पुसत बसले, तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसं. पंखे परत बसवायचं काम सरफराजकडं आलं. त्यानं पाचांपैकी दोन स्क्रू माळ्याच्या फटीतून खाली पाडले. चांदसाहेबांनी तेही खाली जाऊन शोधून आणले.

नमाजेनंतर सगळे वर जमले. सरफराजनं डोळे मिटून बटण दाबलं.

पंखे फिरले. माळाभर वार्निशचा वास पसरला. चांदसाहेबांनी नाक वर करून खोल हुंगलं.

"जळल्याचा न्हाई," ते म्हणाले. "तापल्याचा हाय."

आणि पडद्यावर धुकं उमटलं. धुक्यातून पाणी, पाण्यावर नाव. सगळे खाली बसले. रुक्सारसुद्धा बसली, फुकट.

"नदी लय निवळ दाखवलीस रं," अख्तरबी म्हणाली. "माज्या ल्हानपणी अशीच हुती."

सरफराजनं तिथंच फोनवर पुण्याला नकार लिहून पाठवला. दहा वर्षं! त्याला ती दिसत होती, एकामागून एक, पाण्यावर दिवे सोडल्यासारखी.

"कळवलंस?" चांदसाहेबांनी विचारलं.

"कळवलं, अब्बा."

"बेस. आता दादासोचा फोन आला हुता. त्याला कुठनं कळलं कुणास ठाऊक, पण पाच गिऱ्हाइकं म्हणत्यात, आमचीबी कार्डं वार्निश करून द्या. उद्या आठला खाली ये."

सरफराजनं शर्टाच्या बाह्या वर सारल्या. बापाची कला मुलाच्या हाती येत होती. फिनलंडमध्ये हे कुणी शिकवलं नसतं.

"मी वार्निश करू?"

"वार्निश? लेका, माझ्या वस्तादानं मला त्या डब्याला सात वर्षं शिवू दिलं न्हाई. तू पंखे काढायचे." चांदसाहेबांनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि थोडा विचार केला. "नको. पंखे रुक्सार काढंल. तू स्क्रूची वाटी धर."